पेपरातले हवामान आणि तापीचे पाणी

(मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण, किंचित संक्षिप्त करून)



मला विषय दिला आहे ‘हवामानबदल, प्रसारमाध्यमे आणि आपण’. मघाशी चहाच्या वेळी एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊ, हे सगळे पेपरवाल्यांचे खूळ आहे. ऊन काय पूर्वी नव्हते?" त्यांचे मी आभार मानतो, कारण माझे बोलणे तिथूनच सुरू होते.

सुरतचा माणूस पेपरातल्या भीतीवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे. इथल्या बहुतेकांना 1994 चा सप्टेंबर आठवत असेल. प्लेगची बातमी फुटली आणि चार-पाच दिवसांत लाखो लोक गाव सोडून गेले. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मृतांचे आकडे रोज वाढत होते. कुणी शेकड्यांत बोलत होते, कुणी हजारांत, आणि छापणारे छापतही होते. सगळे शांत झाल्यावर कळले की मृत्यू पन्नासच्या आसपास होते. तेव्हापासून आमच्या शेजारचे काका कोणतीही मोठी बातमी वाचली की पेपर घडी करून ठेवतात आणि म्हणतात, "छापांवाळा तो लख्या करे."

पण त्या गोष्टीचा दुसरा भाग काका सांगत नाहीत. आकडा फुगवलेला होता, पण कचरा, तुंबलेली गटारे आणि मेलेले उंदीर खरे होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. पेपरांनी अतिशयोक्ती केली म्हणून त्यांनी घाण तशीच ठेवली नाही, शहर धुऊन काढले. आकडा खोटा निघाला म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही, हे आपल्या शहराने स्वतःच्या रस्त्यावर पाहिले आहे.

हवामानबदलाच्या बाबतीत हेच जगभर घडले. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, मोठा अहवाल आला. त्या समितीला आणि अल गोर यांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले. तेव्हा समितीचे अध्यक्ष आपले डॉ. पचौरी होते, त्यामुळे आपल्याकडेही कौतुक झाले. त्या अहवालात एक वाक्य होते, की हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतात. ते चूक होते. जानेवारी 2010 मध्ये समितीला ते मान्य करावे लागले आणि जगभर मथळे झळकले. आता गंमत पाहा. ते वाक्य आले कुठून? 1999 साली एका विज्ञान साप्ताहिकात एका शास्त्रज्ञाशी झालेल्या बोलण्यावरून बातमी छापली गेली होती. ती एका पर्यावरण संस्थेच्या अहवालात गेली आणि तिथून आयपीसीसीच्या जाडजूड ग्रंथात. म्हणजे बातमीचे शास्त्र झाले, शास्त्राची चूक निघाली आणि चुकीची पुन्हा बातमी झाली. वाचकाच्या हाती काय उरले? संशय. हिमनद्या वितळत आहेत, हे मात्र तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

अमेरिकेत वेगळाच रोग होता. 2004 साली तिथल्या चार मोठ्या वृत्तपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक बातम्यांत ‘तापमानवाढ माणसामुळे’ आणि ‘तापमानवाढ निसर्गतः’ या दोन्ही मतांना सारखी जागा दिलेली आढळली. शंभर वैद्यांनी एक निदान करावे, एकाने दुसरे, आणि पेपराने दोघांची चौकट शेजारी शेजारी छापावी, असा तो प्रकार. वाचकाला वाटते, तज्ज्ञांतच एकमत नाही.

आपल्याकडची माध्यमे तसे करत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. भारतीय वृत्तपत्रांनी हवामानबदल खरा मानला, पण ‘हे श्रीमंत देशांचे पाप’ या चौकटीत बसवून. ते पुष्कळ अंशी बरोबरही आहे. मात्र त्यातून वाचकाची अशी समजूत होते की पाप त्यांचे, तर भोगही त्यांचेच. नेतेमंडळींचेही तसेच. 2009 साली गुजरात सरकारने हवामानबदलाचे स्वतंत्र खाते काढले, तेव्हा देशात कुठल्याच राज्यात तसे नव्हते. ज्या मुख्यमंत्र्यांनी ते काढले, तेच पंतप्रधान झाल्यावर 2014 च्या शिक्षकदिनी मुलांना म्हणाले की हवामान बदललेले नाही, आपण बदललो आहोत. दोन्हींची बातमी झाली. आमच्या काकांना दुसरीच लक्षात राहिली.

माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे. तापीला हिमनदी नाही. ती मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहते आणि निव्वळ पावसावर जगते. आपल्याला हिमालयाच्या आणि पांढऱ्या अस्वलांच्या चित्रांचा काय उपयोग? आपला प्रश्न अरबी समुद्राचा आहे. पुण्याच्या हवामान संस्थेतले डॉ. रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की 1950 ते 2015 या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्राकडून येणारे बाष्प हे त्याचे मुख्य कारण. तापीचे सगळे खोरे त्याच पट्ट्यात येते. ही बातमी सुरतच्या पहिल्या पानाची होती. मी तरी ती तिथे पाहिली नाही.

2006 आठवा. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. पाणी येण्याच्या एक-दोन दिवस आधी भुसावळहून आत्याचा फोन आला, "हतनूरचे दरवाजे उघडलेत रे, नदी फार फुगली आहे." मी म्हटले, "आत्या, मध्ये उकाई आहे, काळजी करू नकोस." पेपरात उकाईची पातळी रोज छापून येत होती. ती मी वाचतही होतो, क्रिकेटचा धावफलक वाचावा तशी. उकाईतून सोडलेले पाणी 9 लाख क्युसेकच्या आसपास पोहोचले आणि शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग बुडाला. आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. त्यानंतर महिनोन्‌महिने छापून आले ते दोनच प्रकारचे: कुणाचा दोष आणि तापीमातेचा कोप. धरण आधी रिकामे का केले नाही, हा प्रश्न योग्यच होता. पण धरण भरून ठेवावे की पुरासाठी जागा राखावी, हे ज्या पावसाच्या हिशेबावर ठरते, तो हिशेबच बदलत असेल तर? तो एक पूर हवामानबदलामुळेच आला असे मी म्हणणार नाही. कुणी छातीठोकपणे तसे म्हणत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. पण असे पाऊस वाढत असताना जुन्या हिशेबावर विसंबून राहायचे का, हे विचारायला नको?

लिंबायत-डिंडोलीकडच्या आपल्या बांधवांना हे अधिक कळते. तिथे तापी नाही, खाडी घरात शिरते. जुलै 2024 मध्ये शिरली, जून 2025 मध्ये पुन्हा शिरली. वाहिन्यांनी ट्रॅक्टरवर बसलेली माणसे दाखवली, अतिक्रमणावर चर्चा झाली, पाणी ओसरले तशी बातमीही ओसरली. महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आपण मराठी शाळा आणि गणेशोत्सवाचे मंडप यांबद्दल विचारतो. खाडीची पूररेषा कुठे आहे आणि ती कोणत्या सालच्या पावसावर आखली, हे मी अजून एकाही सभेत कुणी विचारलेले ऐकले नाही. मीही विचारलेले नाही.

आपल्यापाशी एक गोष्ट आहे जी इथल्या इतरांपाशी नाही. आपल्या घरी गुजराती पेपर येतो, तो उकाईचे सांगतो. जळगाव-भुसावळचे मराठी पेपर हतनूरचे आणि गिरणेचे सांगतात. वर पडलेला पाऊस आणि खाली येणारे पाणी ही एकच बातमी दोन भाषांत फाटलेली आहे, आणि दोन्ही भाषा आपल्याला येतात. माझी विनंती एवढीच, की मंडळाच्या फळ्यावर जूनपासून रोज तीन ओळी लिहाव्यात: वर पाऊस किती, हतनूरचे किती दरवाजे उघडे, उकाईची पातळी 345 फुटांच्या किती खाली. सात दिवसांना सात माणसे लागतील. सोमवार मी घेतो. ज्या ज्येष्ठांनी मला चहाच्या वेळी गाठले, त्यांनी मंगळवार घ्यावा.