ऑपरेशननंतर वजन पुन्हा वाढू लागलं तर

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी, होऊन दोन-चार वर्षं झालेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी मला आज बोलायचं आहे. पहिल्या वर्षी ही माणसं तपासणीला न चुकता येतात. कपडे सैल झालेले असतात, गुडघ्यांवरचा भार उतरलेला असतो, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात. मग कधीतरी काटा चार-पाच किलो वर सरकतो आणि नेमकं तेव्हाच येणं थांबतं. डॉक्टर रागावतील, एवढा खर्च करून पुन्हा तेच, लोक काय म्हणतील, असलं सगळं मनात दाटतं. मदत सर्वांत जास्त उपयोगी पडेल अशा वेळी माणूस लपून बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वीडनमध्ये १९८७ साली या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात जठराचं बायपास (हृदयाचं नव्हे) झालेल्या रुग्णांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. आता १२० किलोच्या माणसाचा हिशेब करा. तो साधारण ८२ किलोपर्यंत उतरला आणि दहा वर्षांनी ९० किलोवर आला. आठ किलो परत आले हे खरं, पण मूळ वजनापेक्षा तो अजूनही तीस किलोंनी हलका आहे. याला मी अपयश म्हणणार नाही. वजन उतरलं की शरीर कमी उष्मांकांत भागवायला लागतं आणि भूकही हळूहळू जागी होते. याच शस्त्रक्रियेच्या स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा जो भाग काढतात, तिथेच भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. म्हणून सुरुवातीला भूक जवळजवळ नसतेच. ती कायमची गेली असं मात्र धरून चालू नका.

आता खाण्याचं. बहुतेक जण मला मनापासून सांगतात, "डॉक्टर, मी दोन घाससुद्धा जेवत नाही हो." ते खोटं बोलत नसतात. ताटावरचं जेवण खरंच कमी असतं. भाकरी, उसळ, चिकन लहान जठरात अडकल्यासारखं वाटतं, छाती भरून येते. मग नकळत जे सहज उतरतं तेच खाल्लं जातं: चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, आइस्क्रीम, फळांचा रस, मूठमूठ चिवडा. हे पदार्थ पोटात टिकत नाहीत, तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. दिवसाकाठी साखर घातलेले चार कप चहा आणि त्यासोबतचं खाणं कोणी जेवणात धरतच नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचंही तसंच. उपास मोडा असं मी म्हणत नाही. दही, ताक, पनीर यांवर तो होऊ शकतो.

जेवताना आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तर भात-भाकरी, एवढा क्रम पाळा. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे पातळ वरणाच्या वाटीवर हे भागणार नाही. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास थांबा. दारू मात्र टाळाच. बायपासनंतर ती रक्तात फार लवकर चढते आणि काहींना तिचं व्यसनही जडतं.

बायपास झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, एकदम कडकडून भूक, असं होत असेल तर रक्तातली साखर घसरत असू शकते. त्यावर पुन्हा गोड खाल्लं की तेच चक्र सुरू होतं आणि वजन चढतं. हे तपासून घ्यायलाच हवं.

काही वेळा दोष खाण्यात नसतोच. थायरॉईड मंदावलेलं असतं, स्टिरॉइड किंवा इन्सुलिन सुरू असतं, मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही वजन वाढतं. अशी औषधं आपल्या मनाने बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा. पूर्वीइतकं ताटभर जेवण सहज जायला लागलं असेल, तर दुर्बिणीने जठर पाहावं लागतं. क्वचित दुसऱ्या ऑपरेशनचा विचार होतो, पण तो शेवटी. हल्ली सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात आणि योग्य रुग्णाला त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र ती घेताना जेवण आणखी घटतं आणि प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात. औषध थांबवलं की वजन परत चढायला लागतं. मित्राने घेतलं म्हणून दुकानातून आणून टोचून घ्यायचं हे औषध नव्हे.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. "एवढे पैसे घातले" हे वाक्य त्या माणसासमोर बोलू नका. ते ऐकलेला माणूस एकट्याने, चोरून खायला लागतो. त्यापेक्षा संध्याकाळी त्याच्यासोबत चालायला जा, घरात बिस्किटांचे पुडे भरून ठेवू नका.

आणि वजन सर्वांत कमी होतं त्यापेक्षा चार-पाच किलो वाढलं की लगेच भेट घ्या, वीस किलोंची वाट पाहू नका. सतत उलट्या होत असतील, पाय बधिर पडत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. यामागे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि ती थांबून राहत नाही. एरवी भेटीला येताना ऑपरेशनचे कागद, चालू असलेली सगळी औषधं आणि आठवडाभर जे जे तोंडात गेलं त्याची वही आणा, चहाचे कपसुद्धा लिहा. हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉईड तपासून घ्या. ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं असेल, ते डॉक्टर आता तिथे नसतील, तरी अडून राहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात तेच कागद दाखवले तरी पुढचे उपचार सुरू होऊ शकतात.