परक्या आवाजाचा छळ

घरांत निजानीज झालेली असावी, बोलणारें कोणी नसावें, आणि तरीही एखाद्यास आपली निंदा स्पष्ट ऐकूं यावी, ही यातना स्किझोफ्रेनिया या मनोविकारांत पुष्कळांच्या वांट्यास येते. आप्तांना तो भास वाटतो. रोग्याला मात्र तो शेजारच्या माणसाच्या बोलण्याइतकाच खरा असतो. कधीं कधीं तर तो आवाज जीव देण्याची आज्ञाही करतो.

१९९३ सालीं लंडनमधील संशोधकांना असें आढळलें कीं, असे आवाज ऐकूं येत असतां मेंदूच्या वाणी घडविणाऱ्या भागांतील रक्तप्रवाह वाढतो. मनांतल्या मनांत चाललेलें स्वतःचेंच बोलणें रोग्याला परकें वाटत असावें, असा त्यावरून एक तर्क आहे.

औषधांनीं बहुतेकांचे आवाज मंदावतात. परंतु कांहींचे हटत नाहींत. अशांसाठीं कवटी न उघडतां मेंदूवर उपचार करण्याचे यत्न झाले. बदलत्या चुंबकशक्तीनें वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलें होतें. त्याच तत्त्वावर १९८५ मध्यें शेफील्ड येथें बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डोक्यावर तारेचें वेटोळें धरून माणसाच्या हाताचे स्नायू हालविले. पुढें १९९९ मध्यें येल विद्यापीठांतील हॉफमन यांनीं तीन रोग्यांच्या डाव्या कानामागील वरच्या भागावर सेकंदास एक अशा मंद गतीनें चुंबकीय स्पंदनें दिलीं, आणि त्यांचे आवाज बरेच ओसरले. फ्रान्समध्यें २०१२ सालीं ३० रोग्यांवर दुसरी रीत योजिली गेली: दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह, वीस मिनिटें, दिवसांतून दोनदां, पांच दिवस. ज्यांना खरा प्रवाह मिळाला त्यांचा त्रास सुमारें ३१ टक्क्यांनीं घटला. या दोन्ही रीतींत रोगी जागा असतो. आंचके आणणारा विजेचा उपचार तो हा नव्हे.

तथापि नंतरच्या सर्वच परीक्षांनीं या यशाला दुजोरा दिला नाहीं. कित्येक ठिकाणीं नुसत्या लटक्या उपचारानेंही तितकाच आराम पडलेला दिसला. म्हणून औषधें सोडून या यंत्रांच्या मागें धांवणें धोक्याचें होय. तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, औषधांच्या जोडीनें त्यांचा विचार करणें शहाणपणाचें.

यंत्र हातीं असो वा नसो, एक उपचार प्रत्येक घरास साध्य आहे. रोग्याला हंसूं नये, त्याच्याशीं वाद घालूं नये. आवाज काय सांगतो तें शांतपणें विचारावें, आणि तो घाताची आज्ञा करीत असेल तर क्षणाचाही विलंब न लावतां वैद्यकीय साह्य मिळवावें.