मुंगीच्या उंचीवरून



मुलांनो, गेल्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात तुम्ही सगळ्यांनी मिळून 'अ बग्ज लाइफ' पाहिला, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला फोनवर सांगितलं आणि आज कशावर बोलायचं ते तिथेच ठरलं. मी ॲनिमेशन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला मी हा चित्रपट दाखवते आणि दर वेळी स्वतःही शेवटपर्यंत बघते. आज तो तुमच्याबरोबर पुन्हा थोडा बघू या, पण या वेळी तो करणाऱ्यांच्या बाजूने.

गोष्ट तुम्हाला पाठ असेलच. मुंग्यांनी उन्हाळाभर राबून दाणे गोळा करायचे आणि नाकतोड्यांच्या टोळीने येऊन ते घेऊन जायचे, असा रिवाज. फ्लिक नावाच्या खटपट्या मुंगीच्या हातून यंदाची सगळी रास पाण्यात जाते. टोळीचा म्होरक्या होपर चिडतो, दुप्पट धान्य मागतो. मग टोळीशी लढणारे वीर शोधायला फ्लिक एकटा बाहेर पडतो आणि घेऊन येतो ती सर्कशीतली मंडळी! एक गलेलठ्ठ सुरवंट, एक काडीकिडा, एक गेंडाभुंगा, एक कोळीण. पालकांपैकी काहींना इथे 'शोले' आठवला असेल. त्याही आधी, १९५४ साली, जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी 'सेव्हन समुराई'मध्ये दरोडेखोरांना कंटाळलेलं गाव आणि गावाने आणलेले लढवय्ये दाखवले होते. तीच गोष्ट इथे गवताच्या पात्यांखाली घडते.

या चित्रपटाचं मूळ मात्र इसापकडे आहे. तिथला नाकतोडा उन्हाळाभर गात बसतो आणि हिवाळ्यात मुंगीच्या दारी येऊन अन्न मागतो. हा चित्रपट करणाऱ्या पिक्सार स्टुडिओच्या कथाकारांनी एवढंच विचारलं, की त्याने हात पसरण्याऐवजी दरडावून मागितलं तर? मुंगीपेक्षा तो कितीतरी मोठा आहे, त्याला कोण अडवणार? या एका प्रश्नातून चित्रपट उभा राहिला. जॉन लॅसेटर आणि अँड्र्यू स्टँटन यांनी तो दिग्दर्शित केला आणि १९९८ साली तो पडद्यावर आला. 'टॉय स्टोरी'नंतरचा पिक्सारचा हा दुसराच चित्रपट.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग सांगते. चित्रपट करायचा ठरला तेव्हा या लोकांकडे पैसा होता, भलेमोठे संगणक होते, उत्तम चित्रकार होते. पण मुंगीला जग कसं दिसतं, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी एक इवलासा कॅमेरा घेतला, त्याला लेगोच्या खेळण्यातली चाकं लावली आणि एका काठीने तो कॅलिफोर्नियातल्या आपल्या कार्यालयाबाहेरच्या झाडाझुडपांत, अगदी जमिनीलगत फिरवला. त्याला ते 'बगकॅम' म्हणत. नंतर आत बसून त्यांनी ते चित्रण पाहिलं. आपण पान वरून बघतो, म्हणून आपल्याला ते हिरवं आणि जाड वाटतं. मुंगी पानाखालून चालते. तिच्या डोक्यावर ऊन पानातून झिरपत येतं, शिरा न् शिरा उजळलेली असते, फुलाच्या पाकळीतून गुलाबी उजेड खाली सांडतो. गवताची काडी तिच्यासाठी ताडाएवढी. चित्रपटात वारुळाभोवतीचा तो हिरवा, आतून पेटल्यासारखा उजेड तुम्ही पाहिलात ना? कोणा चित्रकाराने टेबलाशी बसून तो मनाने रंगवलेला नाही. जमिनीवर उतरलेल्या त्या कॅमेऱ्याने तो आधी टिपला, मग महिनोन्‌महिने खपून संगणकावर तसा उजेड साधला गेला.

मुलांनो, कल्पनाशक्ती म्हणजे डोळे मिटून काहीतरी सुचणं, असं आपल्याला उगाच वाटतं. माझा अनुभव अगदी उलट आहे. ज्याने डोळे उघडे ठेवून भरपूर पाहिलेलं असतं, त्यालाच काही सुचतं. मुंगी काढा म्हटलं की माझे नवे विद्यार्थी तीन गोळे काढतात, त्यांना काड्या चिकटवतात आणि कागद पुढे करतात. मी त्यांना अंगणात पाठवते, उकिडवं बसायला लावते. अर्ध्या तासाने आलेलं चित्र वेगळंच असतं. मिशा कुठून फुटतात, पाय धडाच्या कुठल्या भागाला जोडलेले असतात, समोरून दुसरी मुंगी आली की दोघी कशा थांबतात, हे सगळं त्यात उतरलेलं असतं.

लहान असणं म्हणजे मोठ्या गोष्टी छोट्या करून वापरणं नव्हे. लहानांच्या जगाचे नियमच निराळे असतात. हे फार सुंदर समजावून सांगणारा एक निबंध जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली लिहिला. हे मोठे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरमध्ये वारले. ते सांगतात, की किड्याला पडण्याची भीती नसते. खोल खाणीत उंदीर पडला तरी जरासा हादरून चालू लागतो, मग मुंगीचं काय घेऊन बसलात! किड्याचा खरा शत्रू म्हणजे पाणी. आंघोळ करून आलेल्या माणसाच्या अंगावर साधारण अर्धा किलो पाणी असतं, त्याला त्याचं काही वाटत नाही. माशी मात्र भिजली की तिच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी तिला चिकटतं. म्हणून तहान लागलेल्या किड्याचं पाण्याकडे जाणं हे जिवावरचं काम असतं.

आता चित्रपट आठवा. फ्लिक मुंग्यांच्या बेटावरून निघतो तेव्हा कशाला लटकून जातो? आपण जिला म्हातारी म्हणतो ना, रुईच्या बोंडातून उडणारी, तशाच एका उडत्या बीला. खाली एवढी मोठी दरी, पण त्याच्या जिवाला धोका नाही. आणि शेवटी पाऊस येतो तेव्हा एकेक थेंब तोफेच्या गोळ्यासारखा आदळतो आणि शूर-भित्रे सगळेच पळत सुटतात. पाऊस म्हटलं की आपण नाचतो, पण मुंगीसाठी तो प्रलय असतो. गवताचं पातं गुंडाळून त्याच्या टोकाशी दवबिंदू बसवून फ्लिक दुर्बीण करतो, तेही हवेतलं नाही. पाण्याचा थेंब खरोखरच भिंगाचं काम करतो. उद्या घरी प्लॅस्टिकच्या पारदर्शक तुकड्यावर एक थेंब ठेवा आणि तो वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांवर धरून बघा. चित्रपट काल्पनिक आहे, पण लहानांच्या जगाचे कायदे त्याने पाळले आहेत. म्हणून तर आपला त्याच्यावर विश्वास बसतो.

किड्यांना पडद्यावर आणायची ही धडपड फार जुनी आहे. १९१० साली, आज लिथुएनियात असलेल्या काउनास शहरातल्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख व्लादिस्लाव स्तारेविच यांना शिंगांसारख्या जबड्यांच्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. पण हे भुंगे रात्री हिंडणारे. चित्रणासाठी दिवे लावले की ते थिजून बसत. स्तारेविचांनी मग मेलेले भुंगे घेतले, त्यांचे पाय बारीक तारा आणि मेण वापरून पुन्हा जोडले, एक पाय केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं, असं करत पूर्ण झुंज उभी केली. पुढे त्यांचे चित्रपट पाहून ते जिवंत किडेच आहेत, त्यांना शिकवून तयार केलंय, असं काही प्रेक्षकांना वाटलं होतं! मुंगी आणि नाकतोड्याच्या त्याच जुन्या गोष्टीवरही त्यांनी चित्रपट केला.

आणि याच सुमाराला आपल्या दादासाहेब फाळक्यांनी काय केलं ठाऊक आहे? १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं आणि चित्रपट म्हणजे काय हे कोणाला पटेना. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा समोर रोवून ठेवला आणि दिवसामागून दिवस ते एकेक चित्र घेत राहिले. मग ती फीत चालवून दाखवली. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वेल वर चढली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, तिच्यात तर काडेपेटीतल्या काड्याच पात्रं झाल्या. त्र्यंबकेश्वरच्या या माणसाने भारतातल्या चित्रपटाची सुरुवात एका वाटाण्यापासून केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

'अ बग्ज लाइफ'मध्ये दोन गोष्टी खऱ्याला धरून नाहीत, त्याही सांगायला हव्यात. त्यातल्या मुंग्यांना दोन हात आणि दोन पाय आहेत. खऱ्या मुंगीला सहा पाय असतात. प्रेक्षकांना किळस न वाटता ही पात्रं जवळची वाटावीत म्हणून दिग्दर्शकांनी मुद्दाम दोन कमी केले, हे मी समजू शकते. दुसरी गोष्ट मुलींनी नीट ऐका. वारुळातल्या कामकरी मुंग्या, म्हणजे दाणे आणणाऱ्या, बोगदे खोदणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या, शत्रूवर धावून जाणाऱ्या, सगळ्या माद्या असतात. नरांना या कामात भागच नसतो. म्हणजे खऱ्या वारुळातला फ्लिक ही मुलगीच असणार. कोणी हा चित्रपट पुन्हा करायला घेतला तर फ्लिकचं काम मुलीला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

होपरचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. त्याचे साथीदार म्हणतात, आपल्याकडे खायला भरपूर आहे, मुंग्यांकडे परत जायचंच कशाला? होपर एक दाणा फेकून मारतो. लागलं का? नाही. आणखी एक मारतो. तेव्हाही काही होत नाही. मग तो साठ्याचं तोंड उघडतो आणि दाण्यांच्या ढिगाखाली ते साथीदार गाडले जातात. मुंग्या आपल्यापेक्षा शंभर पटींनी जास्त आहेत आणि हे त्यांना कळलं तर आपलं संपलं, हे त्या दुष्टाला मुंग्यांच्या आधी कळलेलं असतं. अशी गोष्ट सांगायची तर पडद्यावर मुंग्यांची गर्दी हवीच. चारशेहून अधिक दृश्यांत ती आहे. संगणकावर एकच मुंगी करून तिच्या हजार प्रती ठेवणं सोपं होतं. पण या लोकांनी गर्दीतल्या मुंग्यांचे रंग, अंगकाठी, मान वळवण्याची वेळ, सगळं कमीजास्त ठेवलं. पुन्हा बघाल तेव्हा मागच्या रांगेतल्या मुंग्यांकडे बघा. कोणी दचकते आहे, कोणी शेजारणीकडे बघते आहे. त्यांना नावं नाहीत, संवाद नाहीत, तरी त्यांच्यावर कोणीतरी मन लावून काम केलं आहे.

आता थोडं पालकांशी आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी बोलते. मूल अंगणात मुंग्यांच्या रांगेपाशी बसलं असेल, तर कृपा करून त्याला उठवू नका. ते वेळ घालवत नाही. आपल्या माळरानांवर धान्य साठवणाऱ्या मुंग्या आहेत. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी भुसकटाचं गोल कडं असतं. साठवलेले दाणे पावसाने ओले झाले तर अशा मुंग्या ते बाहेर काढून उन्हात वाळवतात. आंब्याच्या झाडावरच्या तांबड्या मुंग्या पानं एकमेकांना जोडून घरटं करतात आणि त्यासाठी लागणारा रेशमी धागा त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून येतो. हे सगळं बघायला तिकीट लागत नाही, फक्त माती लागते. येताना पाहिलं, निम्म्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसलेत. चिखल होऊ नये हा हेतू चांगलाच आहे. पण उरलेली माती राहू द्या. निदान कुंपणालगतचा एक पट्टा असा ठेवा, जिथे गवत वाढेल आणि कोणी ते उपटणार नाही.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम देऊन जाते. घरातला एक मोबाइल घ्या, तो पुस्तकांच्या चळतीला टेकवून पक्का बसवा, मध्ये हलू देऊ नका. समोर ज्वारीचे दाणे ठेवा, नाहीतर फाळक्यांसारख्या आगकाड्या. पेटवायच्या नाहीत बरं, फक्त चालवायच्या. कुठल्याही किड्याला मात्र हात लावायचा नाही. दाणा जरासा सरकवा, फोटो घ्या, पुन्हा सरकवा. खिडकीचा उजेड सारखा बदलतो, म्हणून खिडकी बंद करून दिवा लावा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांसाठी १२० फोटो होतील. दीड तासाच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशोबाने जवळजवळ १ लाख ३० हजार चौकटी असतात, त्यापुढे १२० म्हणजे काहीच नाही. चार जणांनी मिळून केलं तर दोन सुट्ट्यांमध्ये होईल. गोष्ट काय असावी ते मी सांगणार नाही.

बाई, माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या संमेलनाच्या पत्रिकेत नाच आणि नाटुकल्यांच्या मध्ये मुलांच्या या छोट्या चित्रफितींसाठी १० मिनिटं राखून ठेवा. मला बोलावलंत तर मी नक्की येईन, भाषण करायला नाही, बघायला. बक्षीस समारंभ व्हायचा आहे आणि ज्यांना बक्षिसं घ्यायची आहेत ते केव्हापासून चुळबुळत आहेत, म्हणून इथेच थांबते.