घरच्या घरी मोटारसायकलचा प्लग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. तरी चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून आपल्यापुढे दोन शब्द बोलायला उभी राहिले आहे. विषय ऐकून काहीजणी हसतील. मोटारसायकलचा प्लग हा काय बायकांच्या मेळाव्यात बोलायचा विषय झाला? पण आधी ऐका आणि मग हसा.

आपले हिर्डोशी भोरहून महाडला जाणाऱ्या वरंधा घाटाच्या रस्त्यावर. आषाढ-श्रावणात इथे पाऊस कसा कोसळतो ते मी सांगायला नको. दरड आली की घाट बंद होतो. वीज जाते, फोनची रेंज जाते. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळ्याला भोर गाठावे लागते. पुष्कळ घरांतले पुरुष पुण्या-मुंबईला नोकरीला. मग दारात उभी असलेली मोटारसायकल हीच घराची धावती पावले. ती चालू झाली नाही तर घर अडून बसते. आणि कितीदा ती अडते ती बोटाएवढ्या एका वस्तूपायी. ती वस्तू म्हणजे प्लग.

प्लग म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगते. चुलीत लाकडे रचली, रॉकेल शिंपडले, तरी काडी ओढल्याखेरीज जाळ होत नाही. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र येते, दट्ट्या ती दाबतो, आणि नेमक्या वेळी काडी ओढण्याचे काम प्लग करतो. त्याच्या टोकाला दोन धातूंमध्ये नखाच्या जाडीएवढी फट असते. तिच्यातून हजारो व्होल्टची ठिणगी उडी मारते. मधला पांढरा चिनीमातीसारखा भाग वीज बाहेर फुटू देत नाही. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोल मिनिटाला दोन हजार वेळा पेटते. दिवसाकाठी किती काड्या ओढल्या जात असतील याचा हिशेब तुम्हीच करा. एवढे राबणारी वस्तू कधीतरी थकणारच.

हा प्लग आजचा नव्हे. 1860 साली फ्रान्समध्ये लेन्वार नावाच्या कारागिराने विजेच्या ठिणगीवर इंजिन चालवले. 1902 साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनिअराने ठिणगीची पद्धत पक्की केली. आपल्या देशात 1951 साली मायको कंपनी निघाली आणि तिचे प्लग गावोगावच्या गॅरेजांत पोचले. 2008 पासून त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

आता कोणी म्हणेल, यंत्र हे पुरुषांचे काम. त्यांना मी बर्था बेंझ या बाईची गोष्ट सांगते. 1888 सालच्या ऑगस्टात ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार काढून मानहाइमहून फोर्ट्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरचा रस्ता! वाटेत पेट्रोलची नळी चोंदली, ती तिने टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिच्यावर आपल्या मोज्याचा पट्टा गुंडाळला असे सांगतात. आपणही स्टोव्हला पिन मारूनच संसार केला ना? मग प्लगला का भ्यायचे?

मला हे काम माझ्या धाकट्या भावाने शिकवले. तो भोरला गॅरेजात कामाला होता. भाऊबीजेला आला तेव्हा मी म्हणाले, ‘दादा, यंदा ओवाळणीत लुगडे नको, प्लग बदलायला शिकव.’ अर्ध्या तासात शिकले. तेच आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण गार हवे. गरम इंजिनात प्लग काढला तर हात भाजतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. म्हणून हे काम सकाळी करावे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, चावी काढून ठेवावी. जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही पेटते नको.

दुसरी गोष्ट, प्लगच्या मुळाशी साचलेला चिखल आधी कोरड्या ब्रशने झाडावा, सायकलच्या पंपाने वारा मारावा. नाहीतर प्लग निघाला की ती माती थेट इंजिनात पडते.

तिसरी गोष्ट, प्लगची टोपी धरूनच ओढावी, वायर धरून नव्हे. मग प्लगपाना सरळ बसवून डावीकडे फिरवावा. पाना तिरका झाला तर पांढरा भाग तडकतो. बहुतेक लहान गाड्यांना 16 नंबरचा पाना लागतो, जुन्या मोठ्या प्लगला 21 नंबरचा. काही गाड्यांना दोन प्लग असतात, त्यांचे दोन्ही बघावेत.

प्लग हातात आला की त्याचे तोंड बघा. वैद्य जीभ बघतो तसे. टोक बदामी किंवा तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे, बहुधा हवेची जाळी चोंदली आहे. तेलकट ओला काळा असेल तर इंजिनात ऑइल शिरते आहे, ते काम मेकॅनिकचे. पांढरा फटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापते आहे, तेही दाखवून घ्यावे. नुसता पेट्रोलने भिजला असेल तर कोरडा पुसून थोडा वेळ वाऱ्यावर ठेवावा.

काजळी मऊ ब्रशने साफ होते. खरखरीत पॉलिश पेपर घासू नये. पण टोक झिजून गोल झाले असेल, पांढऱ्या भागाला चीर असेल, तर लोभ न धरता प्लग बदलावा. साधा प्लग शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. दुकानात जुना प्लग बरोबर न्यावा आणि त्याच नंबरचा मागावा. दिसायला सारखा पण लांब प्लग बसवला तर तो दट्ट्याला लागून इंजिनाचा सत्यानाश होतो.

टोकाची फट साधारण 0.6 ते 0.8 मिलीमीटर असते, पण गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच खरा. फट मोजायला पातळ पट्ट्यांचे फिलर गेज मिळते. कमीजास्त असेल तर बाहेरचे वाकडे टोक हळूच वाकवावे, मधल्याला हात लावू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. प्लग बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवावेत. बरणीचे झाकण तिरके बसले की आपण पुन्हा उचलून लावतो, दाबत नाही, तसेच. बोटांनी पूर्ण टेकल्यावर पाना लावून नवा प्लग अर्धा फेरा आवळावा. जुनाच परत बसवत असाल तर पाव फेऱ्याहूनही कमी पुरे, कारण त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. फार आवळणे हे बळ नव्हे, नुकसान आहे. शेवटी टोपी घट्ट बसेपर्यंत दाबावी. आणि पोरे प्लग बाहेर धरून किक मारतात, ठिणगी बघतात, तसे करू नका. विजेचा झटका बसतो, पेट्रोल पेटू शकते.

गाडी चालू झाली नाही की दोष प्लगचाच असतो असेही नाही. आधी टाकीत पेट्रोल आहे का, लाल बटण बंद राहिले का, बघावे. पावसात प्लगची टोपी ओली झाली तर वीज बाहेरच फुटते. नुसती कोरडी पुसूनही काम होते.

गेल्या आषाढात रात्री सासूबाईंना धाप लागली. घरधनी पुण्याला. लाइट नाही, रेंज नाही. जीपवाल्याला बोलवायला थोरल्या मुलीने गाडी काढली, तर गाडी किक घेईना. मी टोपी पुसली, तरी नाही. डब्यात एक नवा प्लग ठेवलेला होता. मुलीने बॅटरी धरली, मी प्लग बदलला. दुसऱ्या किकला गाडी बोलली. सासूबाई वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि आज त्या इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. डॉक्टरांनी त्यांना वाचवले, मी नव्हे. पण डॉक्टरांपर्यंत पोचायला आधी गाडी चालू व्हावी लागते, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्या शिलकीतून एक प्लगपाना, एक फिलर गेज आणि आपल्याकडे ज्या गाड्या आहेत त्यांच्या नंबरचे दोन-दोन प्लग घेऊन मंडळाच्या कपाटात ठेवावेत. जी नेईल तिने दुसरा आणून ठेवावा. आणि लावणी उरकली की एका दुपारी ज्यांना शिकायचे त्यांनी माझ्या अंगणात यावे. सुनांनी यावे, मुलींनी यावे, सासूबाईंनीही यावे. हात काळे होतील, ते साबणाने निघतात.