होळी एका दिवसाची, सूत रोजचे

(व्याख्यानाचे शब्दांकन)



१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन याने दिल्लीत दरबार भरविला. व्हिक्टोरिया राणीने धारण केलेल्या भारताच्या सम्राज्ञीपदाची घोषणा करण्यासाठी हा सारा थाट होता. देशभरातील संस्थानिक रत्नमाणकांनी मढून आले होते. त्याच वेळी दख्खनच्या गावागावांत दुष्काळाने माणसे आणि गुरे मरत होती. त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून एक वकील उपस्थित होते. त्यांच्या अंगावर जाडेभरडे, हातसुताचे कपडे होते. ते होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच महाराष्ट्राचे सार्वजनिक काका.

काकांनी दरबारात आरडाओरड केली नाही. पण सम्राज्ञीच्या दरबारात मँचेस्टरच्या कापडाला नकार देऊन बसलेला तो एक माणूस पुरेसे बोलत होता. ही घटना काँग्रेसच्या स्थापनेच्या आठ वर्षे आधीची आणि वंगभंगाच्या चळवळीच्या अठ्ठावीस वर्षे आधीची आहे. खादी हा शब्द राजकारणात रूढ होण्यापूर्वी ती पुण्याच्या एका वकिलाच्या अंगावर होती.

काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले ते १८७२ साली. हे व्रत केवळ विलायती कापड न वापरण्याचे नव्हते. काका स्वतः सूत कातत आणि त्या सुताचे कापड वापरत. त्यांचे कार्य वस्त्रापुरतेही मर्यादित राहिले नाही. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्योपयोगी वस्तू देशातच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळाच्या माध्यमातून प्रयत्न केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या आर्थिक विचारांची त्याला जोड होती. विलायती वस्तू टाका, असे सांगण्याआधी त्या जागी काय घ्यायचे याचे उत्तर हाती असले पाहिजे, हे या माणसाने ओळखले होते.

नकार आणि निर्मिती

१९०५ साली कर्झनने बंगालची फाळणी केली आणि स्वदेशीचा वणवा पेटला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन विदेशी कपड्यांची होळी केली. लोकमान्य टिळक त्या प्रसंगी उपस्थित होते. सावरकरांना त्यापायी १० रुपये दंड झाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. त्या ज्वाळांनी निद्रिस्त समाज जागा केला, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु होळी विझल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो : आता नेसायचे काय? १९०५ नंतर या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांनी दिले. त्यांची भरभराट झाली. मात्र मागणी वाढताच धोतरांच्या किमतीही वाढल्या, अशा तक्रारी बंगालमधून येऊ लागल्या. देशभक्तीपोटी महाग धोतर घेणारा गरीब माणूस किती दिवस घेणार? गिरणी देशी होती, पण खेड्यातला कोष्टी, साळी आणि सूत कातणारी विधवा यांच्या हाताला त्यातून काम मिळाले नव्हते.

होळीला एक दिवस पुरतो, सूत मात्र रोज कातावे लागते. पहिल्यात तेज आहे, दुसऱ्यात तप आहे. समाजाला दोहोंची गरज असते. पण पहिले लक्षात राहते आणि दुसरे विस्मरणात जाते.

माळ्यावरचे चरखे

या विस्मरणाची एक विलक्षण कथा गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदविली आहे. 'हिंद स्वराज' या पुस्तकात त्यांनी हातमागाचा पुरस्कार केला तेव्हा माग किंवा चरखा पाहिल्याचेही त्यांना स्मरत नव्हते. साबरमतीच्या आश्रमात माग बसले, पण त्यावर विणण्यासाठी सूत गिरणीचेच घ्यावे लागे. म्हणजे स्वावलंबनाचा धागाच परस्वाधीन होता. सूत हाताने कातायचे तर चरखा हवा आणि चरखा तर कुठे दृष्टीस पडेना. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार या धडाडीच्या विधवा भगिनीची भेट झाली. गुजरातभर धुंडाळल्यावर त्यांना बडोदा संस्थानातील विजापूर येथे चरखे सापडले.

सापडले कुठे, तर घरांच्या माळ्यावर. अडगळ म्हणून लोकांनी ते वर टाकून दिले होते. गंगाबेननी विचारणा केली तेव्हा तेथील लोकांनी सूत कातण्यास नकार दिला नाही. त्यांनी दोनच अटी घातल्या. पेळू नियमितपणे पुरवा आणि कातलेले सूत विकत घ्या.

हस्तकलेच्या प्रश्नाचे सारे सार या दोन अटींत आले आहे. कौशल्य मेलेले नव्हते, ते माळ्यावर पडून होते. कच्चा माल आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी हिरावल्या गेल्यामुळे हात थांबले होते. पहिली अट पुरी करण्यासाठी सुरुवातीला उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू दिले. पण गिरणीच्याच पेळूवर चालणारा चरखा हा कसला स्वावलंबी, अशी रुखरुख गांधीजींना लागली. मग गंगाबेननी पिंजारी शोधला, पेळू तयार करणारे उभे केले आणि साखळी पुरी झाली. कापूस पिंजणारा, पेळू करणारा, कातणारी, विणणारा आणि नेसणारा असे पाच हात एकमेकांना जोडले गेले. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली तेव्हा हीच साखळी देशभर नेण्याचा प्रयत्न झाला.

गांधीजींच्या सर्वच राजकीय भूमिका सर्वांना मान्य होत्या असे नाही. पण चरख्यामागील हे अर्थशास्त्र सार्वजनिक काकांच्या व्रताचाच विस्तार होता, हे मान्य करण्यास कोणाला संकोच वाटू नये.

कायद्याने अडविलेला हात

सूत परक्या गिरणीने अडविले होते. दुसऱ्या एका कारागिराचा कच्चा माल कायद्यानेच अडविला. तो कारागीर म्हणजे सुपे, टोपल्या, दुरड्या, कणग्या विणणारा बुरूड आणि डोंगरदऱ्यांत राहणारा वनवासी.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. परंतु इंग्रजांनी केलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबूसुद्धा तोडण्यास आणि वाहून नेण्यास परवान्याचे झेंगट मागे लागले. इंग्रज गेले, व्याख्या राहिली. दुसऱ्या बाजूला कागदाच्या गिरण्यांना मात्र जंगलातला बांबू अल्प दरात मिळत राहिला. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हा दर टनाला अवघा दीड रुपया होता, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी निदर्शनास आणले. टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी महाग घ्यावा लागत होता. ज्याचे पोट बांबूवर अवलंबून, तो चोर ठरला आणि ज्याचा नफा बांबूवर अवलंबून, तो मानाचा गिऱ्हाईक ठरला.

हे चित्र पालटण्यास बराच काळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला, पाठोपाठ कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून मुक्त झाला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले.

मेळघाटातील राखी

पहिली अट अशी काही अंशी पुरी झाली. दुसऱ्या अटीचे काय? तिचे उत्तर पाहायचे असेल, तर अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात जावे लागते.

१९९० च्या दशकात मेळघाटचे नाव वृत्तपत्रांत आले ते बालमृत्यू आणि कुपोषणामुळे. सरकारी गाड्या आल्या, समित्या आल्या, अहवाल आले. सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे हे दांपत्य मात्र तेथे राहण्यासाठीच गेले. कुपोषणाचे मूळ रिकाम्या हातांत आहे आणि त्या हातांना परिचित असलेली वस्तू भोवतीच्या रानात उभी आहे, ही त्यांची दृष्टी होती. धारणी तालुक्यातील लवादा या गावी त्यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. कोरकू तरुण-तरुणींना बांबूकामाचे शिक्षण मिळू लागले. शोभेच्या वस्तूंपासून फर्निचरपर्यंत आणि तेथून घरबांधणीपर्यंत हे काम विस्तारले.

या साऱ्यांत सर्वदूर पोहोचली ती बांबूची राखी. वस्तू छोटी. तिला बांबू लागतो तो चिमूटभर. पण तिची पात कोरकू भगिनी घरबसल्या तासू शकते, विणू शकते. श्रावणात शहरातल्या घरात ती राखी मनगटावर बांधली जाते, तेव्हा ज्या मेळघाटची ओळख केवळ कुपोषणाच्या आकड्यांनी होत होती, त्याची ओळख एका भगिनीच्या हातच्या कामाने होते. मदतीच्या पेटीत टाकलेल्या पैशाने देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. विकत घेतलेल्या राखीने दोघे एका पातळीवर येतात. समरसता यालाच म्हणायचे.

२०२१ साली सुनील देशपांडे यांचे निधन झाले. त्यांनी मोर्चे काढून मेळघाट गाजविला नाही. पण त्यांच्या केंद्रात शिकलेल्या हातांना आज जी ओळख आहे, ती एखाद्या दीर्घ आंदोलनाने मिळणाऱ्या फळाहून कमी नाही.

गिऱ्हाइकाचे व्रत

आता आजचा हिशेब. २००९-१० च्या हातमाग गणनेत विणकर आणि पूरक कामगार मिळून ४३ लाखांहून अधिक होते. २०१९-२० च्या गणनेत ती संख्या ३५ लाखांवर आली. त्यातील विणकरांमध्ये ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. कलकत्त्याच्या त्या सभेच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. दिन पाळला जातो आणि माग थांबत जातात, ही विसंगती दूर करण्याचे काम एकट्या सरकारचे नाही.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे एका बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल आपल्या नावाने मिरविली. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि ती योग्यच होती. या चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कंपनीलाही भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. पण संताप व्यक्त करणाऱ्या किती जणांच्या पायात त्या दिवशी हाताने शिवलेली कोल्हापुरी होती? संताप ही होळी आहे. वर्षाला एक जोड चर्मकाराकडून घेणे, हे सूत आहे.

राष्ट्रध्वजाचेही तसेच आहे. हातसुताच्या, हातविणीच्या कापडाचाच ध्वज, हा दीर्घकाळ नियम होता. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संस्थेत असे ध्वज प्रमाण मापाने तयार होतात आणि तेथे काम करणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेले आणि पॉलिएस्टरचे ध्वजही ग्राह्य ठरले. त्यामुळे घरोघरी तिरंगा पोहोचणे सुलभ झाले, हे खरेच. परंतु सवलत म्हणजे सक्ती नव्हे. खादीचा ध्वज घेण्यास आजही कोणाची मनाई नाही. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ज्या ध्वजासाठी देशभरातून आलेले स्वयंसेवक तुरुंगात गेले, त्यावर चरखा होता. घरावर लावायच्या ध्वजाचे कापड कोणाच्या हातून आले, एवढी चौकशी त्या वारशाने मागितली, तर ती फार नाही.

हाताने घडविलेली वस्तू महाग असते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. सामान्य गृहिणीला महिन्याचे अंदाजपत्रक सांभाळावे लागते. म्हणूनच सर्वस्वाची अपेक्षा कोणी करीत नाही. गंगाबेनना विजापूरच्या लोकांनी साम्राज्य उलथून टाकण्याचे आश्वासन मागितले नव्हते. पेळू द्या आणि सूत घ्या, एवढेच मागितले होते. वर्षातून एक हातमागाची साडी, एक बांबूची टोपली, एक राखी. घेताना ती कोणी केली, कोणत्या गावी केली आणि तिच्या हाती किती पडले, हे तीन प्रश्न. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी ठाऊक करून घेण्यास तो बाध्य होतो.

दिल्लीच्या दरबाराला दीड शतक होत आले. त्या दरबारातील रत्नमाणके कोणाच्या गळ्यात होती, हे आज सांगता येणार नाही. जाडेभरडे कापड कोणाच्या अंगावर होते, ते मात्र सांगता येते. कारण ते कापड विकत घेतलेल्या ऐश्वर्याचे नव्हते, रोजच्या कातण्याचे होते. असे कित्येक चरखे, माग आणि बांबूचे कोयते आजही माळ्यावर पडून आहेत. त्यांना खाली उतरविण्याच्या अटी जुन्याच आहेत आणि त्यातली दुसरी अट पुरी करणे प्रत्येक घराच्या हाती आहे.