बातमी वाचणाऱ्याचा माग

जिंतूरच्या एसटी स्टँडवर विकत घेतलेला पेपर कोणी वाचला, हे छापणाऱ्याला कळत नाही. संकेतस्थळाचे तसे नाही. बातमी उघडताच इंटरनेट जोडणीचा क्रमांक, वेळ आणि वाचलेले पान सर्व्हरवर नोंदले जाते; जाहिरातदारांच्या ‘कुकीज’ पुढेही माग काढतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण रेशन दुकानाची तक्रार कळवणाऱ्या गावकऱ्याची सुरक्षितता आधी संपादकाच्या हाती असते. म्हणून आपल्या परभणी जिल्ह्यातल्या छोट्या संकेतस्थळानेही नाव, मोबाइल नंबर गरजेपुरताच घ्यावा आणि काम होताच पुसून टाकावा. जे साठवलेच नाही, ते चोरणार कोण आणि मागणार कोण?