बारा खोल्या, टू शेअरिंग

आजचा एपिसोड अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांनी एक बॅग उचलून पुणं, मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठलंय. घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, "सेटल झालास का?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं, "अजून तात्पुरतंच आहे, बघू पुढं."

मी अजिंठ्याचा. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली आणि हिंजवडीकडं कॉट बेसिसवर राहायला लागलो. तिथं राहून एक गोष्ट कळली. "तात्पुरतं आहे" म्हणत लोक वर्षानुवर्षं काढतात. उशी घेत नाहीत, कारण जायचंच आहे. शेजाऱ्याचं नाव विचारत नाहीत, कारण जायचंच आहे. माझ्या एका रूम पार्टनरनं तीन वर्षं कपडे बॅगेतूनच वापरले. कपाट होतं हं, रिकामं!

आता आमच्या लेणीकडं या. बारा नंबरची लेणी कोणी नीट बघत नाही, कारण तिथं प्रसिद्ध चित्रं नाहीत. समोरची भिंत पूर्ण पडलीय, त्यामुळं बाहेरूनच आतलं दिसतं. मधे मोठा हॉल, तीन बाजूंना मिळून बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे, झोपायला. म्हणजे सरळ टू शेअरिंग! दोन हजार वर्षांपूर्वीचं. डिपॉझिटही नाही, एका व्यापाऱ्यानं दान दिलेलं.

बौद्ध भिक्खू मूळचे फिरस्ते. पावसाळ्यात फिरलं तर पिकं तुडवली जातात, बारीक जीव मरतात, म्हणून आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच ठिकाणी राहायचं, हा वर्षावास. या मुक्कामाच्या प्रथेतूनच पुढं विहार वाढले. मला यात काय आवडतं सांगू? मुक्काम तीन महिन्यांचा असला तरी त्याला नियम होते. सामान ठरलेलं: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं. आणि वर्षावास संपताना प्रवारणा नावाचा विधी. त्यात प्रत्येक जण सोबत्यांना म्हणायचा, माझं काही चुकलेलं दिसलं, ऐकलं असेल तर सांगा. विचार करा, आपल्या फ्लॅटवर असं झालं तर? भांडी कोण घासणार यावरून तीन महिने धुमसण्यापेक्षा महिन्यातून एकदा चहा घेऊन बोललेलं बरं.

आता कामाचं बोलू, कारण तात्पुरतेपणाचा सगळ्यात मोठा फटका खिशाला बसतो. माझ्या एका मित्राचं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली जवळजवळ सगळं कापलं. त्याच्याकडं कागद काहीच नव्हता. "कशाला करार, सहा महिन्यांत जाणार," असं त्याचं म्हणणं.

तर ऐका. ११ महिन्यांचा करार सगळ्यांना माहीत असतो. पण "११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला," हे महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, महिने कितीही असोत. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लावून. हाच कागद पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून कामाला येतो.

पीजीमध्ये करार देत नसतील, तर निदान एवढं करा: डिपॉझिट यूपीआयनं द्या, किती कापणार आणि नोटीस किती दिवसांची हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि पहिल्याच दिवशी खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीसकट!

दुसरी गोष्ट जेवणाची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीनं, पाळी बदलून झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुतेक त्याच चाळीतली. या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे बघा, तात्पुरत्या राहणाऱ्यांच्या ताटामागं कोणाचा तरी कायमचा संसार उभा होता. आजही तुमची मेसवाली काकू तशीच. सुट्टीला गावाला जाणार असाल तर तिला आदल्या दिवशी सांगा, तिची भाजी वाया जात नाही. आणि आजारी पडलात की मऊ भात विचारणारी तीच असते, ॲप विचारत नाही.

घरची आठवण येणारच. शिवाजीनगरहून संभाजीनगरची गाडी दिसली की पाय आपोआप वळतात. जा की, बिनधास्त जा. फक्त प्रत्येक शनिवारी गेलात तर नवं शहर तुम्हाला सोमवार ते शुक्रवारच भेटतं, म्हणजे फक्त ऑफिस आणि ट्रॅफिक. महिन्यातला एखादा रविवार शहराला द्या. पायी फिरा, एक टपरी आपली करा, जिथं चहावाला न विचारता साखर कमी टाकेल.

बारा नंबरच्या खोलीत राहिलेल्यालाही माहीत होतं की पाऊस संपला की निघायचंय. तरी त्याच्यासाठी कोणीतरी ओटा दगडात कोरला, थर्माकोलमध्ये नाही. आपण ११ महिन्यांसाठी निदान एक उशी तरी घेऊ शकतो.

तर या आठवड्यात दोन कामं: करार काढून वाचा, आणि बॅगेतले कपडे कपाटात लावा. तुमच्या रूमचे किस्से व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, जेवण वेळेवर करा!